गवंड्याच्या मुलाने जुन्या वस्तूंनी सजवलेलं घर, जे जपण्यासाठी ब्रिटनच्या संसदेला कायदा करावा लागला!

जुन्या बाजारातून आणलेला दिवा, पाडलेल्या वाड्याच्या दाराचं केलेलं टेबल, भिंतीवर लहानमोठे आरसे, खिडकीला रंगीत काचा... घर सजवण्याचे असे व्हिडिओ सोशल मीडियावर रोज दिसतात. ही हौस आजकालची वाटत असेल, तर लंडनमधल्या लिंकन्स इन फील्ड्स या चौकातलं 13 नंबरचं घर माहीत असायलाच हवं.

दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने हे सगळं आपल्या राहत्या घरात करून ठेवलं होतं. पाडलेल्या इमारतींचे दगड, फुटक्या बाटल्यांचे तळ आणि इजिप्तच्या राजाची शवपेटी, सगळं एकाच छताखाली! त्या माणसाचं नाव सर जॉन सोन. हे घर त्यांनी आपल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून सजवलं होतं. मुलांपैकी कोणालाच ते मिळालं नाही. असं का झालं?

विटांपासून बँकेपर्यंत

जॉन यांचा जन्म 10 सप्टेंबर 1753 रोजी इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठच्या गोरिंग इथला. वडील गवंडीकाम करणारे. जॉन 14 वर्षांचे असताना वडील गेले. त्यानंतर लवकरच जॉर्ज डान्स या नामवंत वास्तुरचनाकाराकडे हा मुलगा कामाला लागला आणि त्याचं नशीब पालटलं.

1771 मध्ये रॉयल अकादमीत प्रवेश, 1776 मध्ये सुवर्णपदक आणि मग राजाच्या शिष्यवृत्तीवर इटलीचा प्रवास. 1778 ते 1780 या काळात सोन यांनी रोममधले भग्न खांब, कमानी आणि घुमट डोळे भरून पाहिले, त्यांची मापं घेतली. प्राचीन अवशेषांची जी ओढ तिथे लागली, ती आयुष्यभर सुटली नाही.

1784 मध्ये एलिझा स्मिथ यांच्याशी लग्न झालं. 1788 मध्ये ‘बँक ऑफ इंग्लंड’चे वास्तुरचनाकार म्हणून नेमणूक झाली आणि पुढची 45 वर्षं हे पद त्यांच्याकडे होतं. 1790 मध्ये एलिझा यांच्या श्रीमंत काकांचं निधन झालं आणि त्यांची मालमत्ता या दांपत्याकडे आली. हातात पैसा आला, तसं 1792 मध्ये सोन यांनी लिंकन्स इन फील्ड्सवरचं 12 नंबरचं घर विकत घेतलं आणि ते पाडून नव्याने बांधलं.

मुलांसाठी मांडलेला डाव

सोन दांपत्याला चार मुलगे झाले, त्यातले दोन जगले: थोरला जॉन आणि धाकटा जॉर्ज. दोघांनीही आपल्याच व्यवसायात यावं आणि वास्तुरचनाकारांचं एक घराणं उभं राहावं, हे वडिलांचं स्वप्न होतं.

त्यासाठी 1800 मध्ये त्यांनी लंडनजवळ ईलिंग इथे पिट्सहँगर मॅनर ही वास्तू घेतली. ती नव्याने बांधली आणि शिल्पं, कलश, प्राचीन तुकडे यांनी भरून टाकली. मुलं या वस्तूंच्या सहवासात वाढली की कला आपोआप अंगात भिनेल, असा त्यांचा हिशोब होता.

पण दोन्ही मुलांना यात रस नव्हता. अखेर 1810 मध्ये सोन यांनी ती वास्तू विकली आणि सगळा संग्रह लिंकन्स इन फील्ड्सवर हलवला. शेजारचं 13 नंबरचं घर त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं.

टाकाऊ तुकड्यांतून उभं राहिलेलं घर

1812 मध्ये 13 नंबरचं घर नव्याने उभं राहिलं. त्याचा पांढऱ्या दगडाचा दर्शनी भाग शेजारच्या घरांपेक्षा पुढे आलेला होता. हे नियमाबाहेरचं आहे म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, पण सोन जिंकले. याच दर्शनी भागावर त्यांनी वेस्टमिन्स्टर हॉलमधून काढलेले जुने गॉथिक दगड बसवले. कोणाच्या तरी लेखी ते बांधकामाचा राडारोडा होते, सोन यांच्यासाठी तो घराचा दागिना होता.

आतली करामत तर त्याहून मोठी. खोल्या लहान होत्या, म्हणून सोन यांनी उजेडालाच कामाला लावलं. छतातून प्रकाश खाली येतो आणि पिवळ्या काचेतून गाळून आल्यामुळे लंडनच्या मळभातही इटलीतल्या उन्हासारखा भासतो. न्याहारीच्या खोलीत घुमटाकार छत आणि जागोजागी बहिर्गोल आरसे आहेत. त्यामुळे छोटीशी खोली चारी बाजूंनी मोठी होत जाते.

जास्त चित्रं आणि कमी भिंती, ही अडचण त्यांनी कशी सोडवली? चित्रांच्या खोलीच्या भिंतीच कपाटाच्या दारांसारख्या उघडतील अशा केल्या. एक भिंत उघडली की आत आणखी चित्रं! सुमारे 4 मीटर लांबीच्या या खोलीत त्यामुळे शंभराहून जास्त चित्रं मावली. त्यातच विल्यम होगार्थ यांची ‘अ रेक्स प्रोग्रेस’ ही आठ चित्रांची गाजलेली मालिका आहे. 1802 मध्ये एलिझा यांनी स्वतः लिलावाला जाऊन ती 570 गिनींना घेतली होती. बापाची संपत्ती उधळणाऱ्या मुलाची ही चित्रकथा पुढे आपल्याच घरात घडेल, याची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती.

भिंतीवर टांगलेला घाव

धाकटा जॉर्ज कर्जात बुडाला आणि तुरुंगात गेला. आईने पैसे भरून त्याला सोडवलं, पण वडिलांनी हात आखडता घेतला. सप्टेंबर 1815 मध्ये ‘द चॅम्पियन’ या वृत्तपत्रात दोन निनावी लेख आले. त्यांत सोन यांच्या कामाची आणि घराचीही यथेच्छ टर उडवली होती.

हे लेख आपल्याच मुलाचे आहेत, हे आधीच आजारी असलेल्या एलिझा यांनी ओळखलं. तो धक्का त्यांना सोसला नाही. 22 नोव्हेंबर 1815 रोजी त्या गेल्या. सोन यांनी पत्नीच्या मृत्यूचा दोष जॉर्जच्या माथी मारला आणि त्याला कधीच माफ केलं नाही. त्यांनी ते दोन लेख चौकट करून भिंतीवर लावले. देशोदेशीच्या शिल्पांबरोबर मुलाने केलेला घावही आता त्या संग्रहात जमा झाला.

एलिझा यांच्यासाठी सोन यांनी सेंट पँक्रसच्या दफनभूमीत कबर बांधली. लंडनचे लाल टेलिफोन बूथ फोटोंत पाहिले असतीलच. त्यांच्या माथ्याचा आकार या कबरीवरून सुचला असं मानलं जातं.

1823 मध्ये थोरला जॉनही क्षयाने गेला. एकटे पडलेले सोन घर मांडतच राहिले. वेस्टमिन्स्टरच्या जुन्या दगडांपासून त्यांनी मागच्या चौकात एका काल्पनिक साधूच्या मठाचे अवशेष रचले. तिथली फरशी गोटे आणि फुटक्या बाटल्यांची तोंडं-तळ वापरून केली. एलिझा यांच्या लाडक्या फॅनी या कुत्रीला तिथेच पुरलं होतं.

1824 मध्ये तर कमालच झाली. इजिप्तचा राजा सेती पहिला याची अलाबास्टर दगडाची शवपेटी ब्रिटिश म्युझियमने 2,000 पौंडांना घ्यायचं नाकारलं. सोन यांनी तेवढीच किंमत मोजून ती घेतली आणि घराची मागची भिंत फोडून आत आणली. मार्च 1825 मध्ये तीन संध्याकाळी त्यांनी घरात दिव्यांची आरास केली आणि 890 पाहुण्यांना ती दाखवली. 

वारस कोण?

आपल्यामागे घर जॉर्जच्या हाती गेलं तर तो वस्तू विकून टाकेल, ही भीती सोन यांना होती. म्हणून त्यांनी थेट संसदेकडून कायदा करवून घेतला. जॉर्जने विरोध करूनही 1833 मध्ये तो मंजूर झाला. सोन यांच्या मृत्यूनंतर घर आणि संग्रह देशाचा होईल आणि वस्तू शक्य तितक्या होत्या तशाच मांडलेल्या राहतील, असं त्यात ठरलं. 20 जानेवारी 1837 रोजी सोन यांचं निधन झालं आणि कायदा लागू झाला.

आता पुढचा भाग ऐका. ज्या बँकेसाठी सोन यांनी 45 वर्षं दिली, तिच्या आतल्या त्यांच्या प्रसिद्ध दालनांपैकी बहुतेक 1920 च्या दशकापासून पाडली गेली. तिथे नवी इमारत बांधली हर्बर्ट बेकर यांनी, म्हणजे नवी दिल्लीतल्या सचिवालयाच्या इमारती उभारणाऱ्या वास्तुरचनाकाराने. सोन यांच्या बँकेची उरली ती मुख्यतः बाहेरची भिंत.

घर मात्र शाबूत आहे. ‘सर जॉन सोन्स म्युझियम’ या नावाने ते आजही सुरू आहे आणि प्रवेश मोफत आहे. मुलं घरात रमली असती, तर पुढच्या एखाद्या पिढीने जुने दगड काढून नवा रंग दिला असता, दोन खोल्या वाढवल्या असत्या. वारस दुरावला म्हणून आरसा, कलश आणि दगड सोन यांनी जिथे ठेवले तिथेच राहिले.