डॉ. आलॉइस आल्झायमर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या तोंडी सहज येते. म्हातारपण आले की विस्मरण यायचेच, असे तीत गृहीत धरलेले आहे. हे केवळ वय की रोग, याचा शोध प्रत्यक्ष मेंदूत घेणारे डॉ. आलॉइस आल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी झाला. १८८७ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून पुढच्याच वर्षी ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे फ्रान्झ निस्ल हे तोलामोलाचे सहकारी त्यांना लाभले. दिवसा रुग्णसेवा आणि रात्री सूक्ष्मदर्शक, असा या जोडीचा क्रम असे.

१९०१ साली आल्झायमर यांच्या पत्नीचे निधन झाले; पदरी तीन मुले होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. नुकतीच दाखविलेली वस्तू तिला आठवत नसे. स्वतःचे नावही नीट लिहिता येत नसे. आल्झायमर यांनी तिच्या प्रत्येक उत्तराची बारकाईने टिपणे ठेवली. पुढे ते एमिल क्रेपेलिन यांच्याकडे म्युनिकला गेले, तरी तिला विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या कापांत त्यांना पेशींच्या आत तंतूंचे गुंते आणि पेशींबाहेर साचलेले डाग दिसले. त्याच नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले. पण कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला त्यांचे नाव दिले. १९१२ मध्ये आल्झायमर ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक झाले आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी निवर्तले.

पुढे अर्धशतक हे नाव अकाली जडणाऱ्या विकारापुरतेच राहिले. वृद्धांचे विस्मरण वयाच्याच खाती मांडले गेले. १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. स्मृतिभ्रंश झालेल्यांत हे डाग विपुल होते. मात्र बुद्धी शाबूत असलेल्या कित्येकांतही ते थोडेफार आढळले. डाग असूनही काहींची स्मृती टिकते कशी, यावर आजही संशोधन चालू आहे.

घरातील आजी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागली, तर तिला ती म्हण ऐकविण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे, एवढे तरी या चरित्रातून आपण घ्यावे.