घटक ३ : श्रीचक्रधर – जीवन आणि पंथस्थापना

मागील घटकात आपण यादवकालीन समाजस्थितीचा विचार केला. या घटकात महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांच्या जीवनाचा परिचय करून घ्यावयाचा आहे. वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा: संस्थापक निघून गेल्यावर एखादा पंथ कशाच्या आधारे टिकतो?

श्रीचक्रधर मूळचे गुजरातमधील भडोचचे. परंपरेनुसार ते तेथील प्रधानाचे पुत्र असून त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव हरपाळदेव होते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले आणि वाटेत आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे त्यांना गोविंदप्रभूंची भेट झाली. ही भेट त्यांच्या जीवनाला वळण देणारी ठरली. राजवैभवाचा त्याग करून त्यांनी सालबर्डीच्या डोंगरात एकांतवास पत्करला आणि त्यानंतर दीर्घकाळ एकट्याने भ्रमण केले. 'लीळाचरित्र' या ग्रंथातील 'एकांक' हा भाग याच काळाविषयी आहे.

भंडारा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. या एकाकी भ्रमणकाळात श्रीचक्रधर भंडाऱ्यास आले. तेथील नीळभट नावाचे गृहस्थ त्यांच्या सहवासाने इतके प्रभावित झाले की, घरदार सोडून ते त्यांच्याबरोबर निघाले. महानुभाव वाङ्मयात ते नीळभट भांडारेकार म्हणून ओळखले जातात. पुढे जमलेला शिष्यपरिवार पाहण्यास ते राहिले नाहीत. परंतु गावाचे नाव त्यांच्या नावाबरोबर मराठीच्या आद्य गद्यग्रंथात कायमचे नोंदले गेले.

यानंतर पैठण येथून श्रीचक्रधरांच्या जीवनाचा उत्तरार्ध सुरू होतो. गोदावरीच्या परिसरात त्यांच्याभोवती शिष्यपरिवार जमला. त्यांत नागदेवाचार्यांसारखे पुरुष होते, तशाच बाइसा आणि महदंबा यांसारख्या स्त्रियाही होत्या. स्त्रियांना संन्यासाचा अधिकार, जातिभेदाला विरोध, अहिंसा, भिक्षावृत्ती आणि परमेश्वराची अनन्य भक्ती ही त्यांच्या आचारधर्माची प्रमुख अंगे होत. त्या काळच्या कर्मकांडप्रधान समाजात अशा शिकवणुकीला विरोध होणे अटळ होते. पंथीय श्रद्धेनुसार शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास, ते उत्तरापंथे निघून गेले. या घटनेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. नवोदित पंथापुढील हे संकट सार्वत्रिक आहे. अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये मॉर्मन पंथाची स्थापना केली. १८४४ मध्ये त्यांची हत्या झाली, तेव्हा बहुसंख्य अनुयायांना ब्रिगहॅम यंग यांनी दूर पश्चिमेकडे नेऊन नव्याने वसवले. तेथे स्थलांतर आणि वसाहत यांनी पंथ सावरला. महानुभावांच्या बाबतीत हे कार्य मुख्यतः स्मरणाने आणि ग्रंथाने केले. शोकमग्न शिष्य रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभूंच्या निधनानंतर नागदेवाचार्यांनी पंथाची धुरा वाहिली. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शी मंडळींना भेटून, विचारपूस करून आठवणी जमवल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. तर केशिराजबासांनी स्वामींची वचने 'सूत्रपाठा'त एकत्र केली.

या सर्वांत भाषेचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा होता. केशिराजबास संस्कृतचे पंडित होते. परंतु संस्कृतात लिहिल्यास पंथातील साध्यासुध्या म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानास वंचित होतील, अशी नागदेवाचार्यांची भूमिका होती. पंथाने मराठीच स्वीकारली. एक विसंगतीही ध्यानात घ्या. सर्वांना कळावे म्हणून मराठीत रचलेले हे ग्रंथ पुढील काळात सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले. त्यामुळे ते जतन झाले, पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला शतकानुशतके दुरावले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यावर हे भांडार अभ्यासकांस खुले झाले.

तात्पर्य, श्रीचक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे बोलणे ज्यांनी जपले, त्यांनी पंथ आणि मराठी गद्य दोन्ही उभे केले. आज मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूर येथेच स्थापन झाले आहे, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. नीळभट भांडारेकार यांचे श्रीचक्रधरांच्या चरित्रातील स्थान स्पष्ट करा.
२. मराठीचा स्वीकार आणि सांकेतिक लिप्यांचा वापर यांतील विसंगतीची चर्चा करा.