न्यायमूर्ती रानडे : एका चुकीची सावकाश भरपाई

कै. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. त्यांची विद्वत्ता व देशसेवा सर्वश्रुत आहे. येथे त्यांच्या चरित्रातील एका दुखऱ्या प्रसंगाचे व त्यानंतरच्या दीर्घ काळाचे स्मरण करावयाचे आहे.

१८६५ साली विधवाविवाहाच्या पुरस्कारार्थ जी मंडळी पुढे आली, तीत माधवराव होते. १८७३ मध्ये त्यांची प्रथम पत्नी निवर्तली. ते आता विधवेशीच विवाह करतील, अशी स्नेह्यांना आशा होती आणि वडिलांना तीच धास्ती होती. वडिलांच्या आग्रहापुढे माधवरावांनी मान तुकविली व त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. वराचे वय एकतीस! सुधारकाची उक्ती एक व कृती दुसरी, असा बोल त्यांना लागला; आणि तो खोटा नव्हता.

झालेले लग्न मोडता येण्यासारखे नव्हते. मग जे हाती होते ते त्यांनी आरंभिले. अक्षरओळखही नसलेल्या रमाबाईंना ते प्रथम मराठी व पुढे इंग्रजी शिकवू लागले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचेना. त्यांची बोलणी मात्र रमाबाईंनाच सोसावी लागली. चूक एकाची आणि सोसणे दुसऱ्याचे, हे विसरून चालणार नाही. तरीही वर्षामागून वर्षे हा अभ्यास चालला. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, त्याच्या संस्थापकांत माधवराव होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव कालवश झाले आणि रमाबाईंच्या वाट्यास वैधव्य आले. त्या खचल्या, पण पुन्हा उभ्या राहिल्या. १९०९ साली पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन स्थापन झाले. तेथे कितीतरी विधवा शिक्षिका व परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. १८७३ मध्ये जो न्याय एका विधवेस मिळावयाचा राहिला, तो असा छत्तीस वर्षांनी, निराळ्या वाटेने, अनेकींच्या दारी आला. १९२४ मध्ये रमाबाई निवर्तल्या.

मूळ चूक यामुळे पुसली गेली काय? नाही. जखम भरली तरी वण राहतोच. परंतु आपल्या कुटुंबांतही भावाभावांत, सासूसुनांत असे घाव पडतात. आपण क्षमेचे दोन शब्द बोलून मोकळे होऊ पाहतो, किंवा कायमचा अबोला धरतो. जखम मात्र रोजच्या निगेनेच भरते. ती निगा घाव घालणाऱ्याने आरंभावी, आणि सोसणाऱ्यास घाई करू नये, एवढे तरी या चरित्रातून आपण अवश्य घ्यावे.