५१ टक्क्यांसाठी ‘मॅड’ सोडणारा संपादक

मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुनी इंग्रजी मासिके चाळत वाढलेल्या पिढीला ‘मॅड’ आणि त्याच्या मुखपृष्ठावरचा, समोरचा दात पडलेला, खुळचट हसणारा मुलगा चांगलाच परिचयाचा आहे. हे मासिक ज्यांच्या कल्पनेतून जन्मले, त्या हार्वी कर्ट्झमन यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. याला कारणही आहे. ‘मॅड’चे त्यांनी संपादन केलेले अंक अवघे २८ आहेत. पुढचे वैभव दुसऱ्यांच्या हाताखाली आले.

कर्ट्झमन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे, युक्रेनमधून आलेल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. लहानपणी हा मुलगा रस्त्यावर खडूने चित्रमालिका काढत असे. संगीत आणि कलेसाठी असलेल्या शहरातील खास हायस्कुलात त्यांना प्रवेश मिळाला; विल एल्डर आणि अल जॅफी हे पुढच्या आयुष्यातले सहकारी तेथेच भेटले. लष्करातील नोकरी आटोपून परतल्यावर त्यांनी स्टॅन ली यांच्यासाठी ‘हे लुक!’ ही एकेका पानाची विनोदी मालिका काढली. कॉमिक्सच्या अंकात रिकामी राहणारी पाने भरण्यासाठी मागवलेले हे काम. पण त्यातील रेषेची चपळाई आजही नजरेत भरते. याच काळात त्यांनी मित्रांसह चालवलेल्या स्टुडिओत रेने गॉसिनी नावाचा एक फ्रेंच तरुण काम करू लागला. ‘ॲस्टेरिक्स’चा लेखक तो हाच.

कर्ट्झमन यांचा खरा वकूब दिसला तो बिल गेन्स यांच्या ‘ईसी’ या प्रकाशन संस्थेत. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि ‘टू-फिस्टेड टेल्स’ व ‘फ्रंटलाइन कॉम्बॅट’ ही दोन युद्धकथांची कॉमिक्स त्यांच्याकडे आली. तोवरच्या युद्धचित्रकथांत शूर अमेरिकी शिपाई आणि दातओठ खाणारा शत्रू एवढेच असे. कर्ट्झमन यांनी हा साचा मोडला. १९५२ च्या आरंभी आलेल्या इम्जिन नदीवरच्या कथेत एक अमेरिकी सैनिक उत्तर कोरियाच्या सैनिकाला पाण्यात बुडवून ठार मारतो. त्यात विजय नाही, शौर्य नाही. नदीतून वाहत जाणारे एक प्रेत आहे. युद्ध चालू असताना, मुलांसाठी छापल्या जाणाऱ्या दहा सेंटच्या अंकात असे काही छापणे ही साधी गोष्ट नव्हती.

तपशिलाबाबत ते कमालीचे हट्टी होते. एका कथेसाठी त्यांनी सहायकाला पाणबुडीतून पाठवले, तर दुसऱ्या एका कथेसाठी स्वतः बचाव विमानातून उड्डाण केले. चित्रकारांच्या हाती ते केवळ संहिता देत नसत. प्रत्येक पान चौकटीनिशी आखून देत आणि त्यात बदल खपवून घेत नसत. जॅक डेव्हिस, वॉली वूड, जॉन सेव्हरिन यांच्यासारख्या कसलेल्या हातांना हे किती जाचत असेल, याची कल्पना करता येते.

पण या पद्धतीत वेळ जाई आणि पैसा अंकागणिक मिळे. सहकारी अल फेल्डस्टीन कितीतरी अधिक अंक काढत आणि अधिक कमावत. कर्ट्झमन यांनी मिळकतीची तक्रार केली, तेव्हा गेन्स यांनी संशोधन न लागणारे एखादे विनोदी कॉमिक काढण्याचा सल्ला दिला. १९५२ मध्ये ‘मॅड’ निघाले ते असे. पहिले तीन अंक तोट्यात गेले. १९५३ मधील चौथ्या अंकातील सुपरमॅनच्या विडंबनाने चित्र पालटले. जाहिराती, चित्रपट, दूरचित्रवाणी, इतर कॉमिक्स यांपैकी काहीही या अंकांच्या तडाख्यातून सुटले नाही.

१९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुले बिघडतात अशी हाकाटी झाली, सिनेटच्या समितीपुढे गेन्स यांची साक्ष झाली आणि कठोर आचारसंहिता आली. तिला चुकवण्यासाठी ‘मॅड’चे मासिक झाले, असे नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे. कर्ट्झमन यांना दुसऱ्या मासिकाकडून बोलावणे आले होते. त्यांना रोखण्यासाठी गेन्स यांनी त्यांची जुनी इच्छा पुरी केली आणि जुलै १९५५ मध्ये २४ वा अंक मोठ्या आकारात, २५ सेंट किमतीला निघाला. वर्षभरातच कर्ट्झमन यांनी ५१ टक्के मालकी मागितली. गेन्स यांनी नकार दिला आणि संपादकपद फेल्डस्टीन यांच्याकडे गेले. १९७४ मध्ये ‘मॅड’चा खप २१ लाखांवर पोहोचला. कर्ट्झमन यांची मागणी अवाजवी होती, असे अनेकांना वाटते. परंतु ज्याने मासिक घडवले त्याला नियंत्रण मागण्याचा अधिकार नव्हता, असे म्हणणे कठीण आहे.

पुढचा प्रवास अपयशांचा आहे. ‘प्लेबॉय’च्या ह्यू हेफनर यांनी काढलेले देखणे ‘ट्रम्प’ १९५७ मध्ये दोन अंकांत बंद पडले. चित्रकारांनी स्वतःचे पैसे घालून काढलेले ‘हम्बग’ ११ अंक चालले. १९५९ चे ‘जंगल बुक’ संपूर्णपणे त्यांच्या हातचे, पण विकले गेले नाही. १९६० ते १९६५ या काळातील ‘हेल्प!’ला आर्थिक बळ नव्हते. मात्र ग्लोरिया स्टायनम आणि टेरी गिलियम यांनी तेथे सहायक म्हणून काम केले आणि रॉबर्ट क्रम्ब यांची चित्रे तेथे छापली गेली. छायाचित्रकथेसाठी आलेल्या जॉन क्लीझ यांची गिलियमशी ओळखही तेथलीच. ‘माँटी पायथन’मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले. ‘आर्ची’च्या पात्रांचे केलेले विडंबन मात्र अंगाशी आले. आर्चीच्या प्रकाशकांनी दावा लावला आणि अखेर त्या कथेचे हक्कच त्यांच्याकडे गेले.

१९६२ पासून २६ वर्षे कर्ट्झमन आणि एल्डर यांनी ‘प्लेबॉय’साठी ‘लिटल ॲनी फॅनी’ ही रंगीत मालिका केली. घर त्यावर चालले. रंगकाम अप्रतिम होते, पण ती काढण्यात खर्च झालेली वर्षे पाहून हळहळ वाटते.

१९७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकवू लागले. एकेकाळी चित्रकाराला चौकटीबाहेर रेषा ओढू न देणाऱ्या या संपादकाच्या वर्गातून ड्रू फ्रीडमन यांच्यासारखे, आपली वेगळी वाट धरणारे व्यंगचित्रकार बाहेर पडले. ‘पंक’ मासिक काढणारे जॉन होल्मस्ट्रॉमही त्यांचेच विद्यार्थी. १९८८ मध्ये अमेरिकी कॉमिक्स क्षेत्रातील पुरस्कारांना ‘हार्वी’ हे नाव मिळाले.

दरम्यान, १९८० च्या दशकाच्या मध्यास कर्ट्झमन एल्डर यांच्यासह ‘मॅड’मध्ये परतले होते, मानधनावर काम करणारे बाहेरचे चित्रकार म्हणून. २१ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गेन्स त्यांच्या आठ महिने आधी गेले होते.