यंत्र बदलले तरी चालेल!

गॅरी किल्डॉल हे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. मला मात्र संगणकाच्या इतिहासात हा माणूस बिल गेट्सपेक्षा जवळचा वाटतो. १९४२ साली सिएटलमध्ये जन्मलेला गॅरी पुढे कॅलिफोर्नियात माँटेरे येथील नौदलाच्या संस्थेत शिकवू लागला.

१९७४ साली त्याने छोट्या संगणकांसाठी ‘सीपी/एम’ ही कार्यप्रणाली लिहिली. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या यंत्राची तऱ्हा निराळी. यंत्र बदलले की प्रणालीत पुन्हा खाडाखोड आलीच! गॅरीने यंत्राशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला ‘बायोस’ म्हटले. नव्या यंत्रासाठी तेवढाच तुकडा नव्याने लिहायचा, बाकी सारे तसेच. शेगडी बदलली म्हणून आमटीची कृती थोडीच बदलते? पत्नी डोरोथीसह काढलेली त्याची डिजिटल रिसर्च कंपनी यावरच भरभराटीला आली.

१९८० साली आयबीएमशी बोलणी जमली नाहीत. काम मायक्रोसॉफ्टला मिळाले. पुढे आयबीएमने दोन्ही प्रणाली विकायला ठेवल्या. मायक्रोसॉफ्टची ४० डॉलरला, गॅरीची २४० डॉलरला! गिऱ्हाइकांनी काय उचलले, हे सांगायला नकोच. हरल्याचा शिक्का गॅरीला अखेरपर्यंत पुसता आला नाही. १९९४ साली, अवघ्या ५२व्या वर्षी तो गेला.

पण मला विचाराल तर तो हरला नाही. आजही लिनक्ससारखी प्रणाली नव्या यंत्रावर बसवताना त्या यंत्रापुरता भाग वेगळाच ठेवतात. पैसा दुसरीकडे गेला; शहाणपण मात्र सर्वांच्या वाट्याला आले.