बहात्तर भाषांचे ऑडिट

ऑडिटच्या पहिल्याच तासाला आम्हाला एक गोष्ट शिकवली जाते. वहीतला आकडा कितीही सुवाच्य असो, त्यामागे व्हाउचर नसेल तर तो मानायचा नाही. गेल्या उन्हाळ्यात हा धडा मला वर्गाबाहेर पुन्हा गिरवावा लागला, आणि तोही पैशाच्या नव्हे, भाषेच्या हिशेबात.

सुट्टीत मी नोकरीसाठी एक अर्ज भरत होतो. अवगत भाषा या मथळ्याखाली वाचणे, लिहिणे, बोलणे असे तीन रकाने होते. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार ओळींत बारा खुणा करून मी मोकळा झालो. त्याच आठवड्यात मामांच्या रविवार पेठेतल्या दुकानात बसलो असता बैलहोंगलकडचे एक अज्जा आले. पाऊस, पीक, नातवंडे, सारे कन्नडमध्ये बोलून झाले. मग त्यांनी उधारीच्या मुदतीबद्दल दोन ओळी कन्नडमध्ये लिहून मागितल्या. पेन हातात धरून मी तसाच बसलो. ओत्तक्षरे कुठे द्यायची ते आठवेना आणि व्यवहाराचे शब्द सुचेनात. शेवटी शेजारच्या दुकानातल्या मुलाने ते लिहून दिले. अज्जा काही बोलले नाहीत, पण माझ्या बारा खुणांपैकी एक खोटी आहे हे मला कळून चुकले. अर्ज अजून माझ्या पिशवीतच होता.

माझी चार भाषांत ही गत, तर ज्यांच्या नावावर बहात्तर भाषा मांडल्या जातात त्यांचे काय? त्या कुतूहलाने मी कार्डिनल जुझेप्पे मेझोफान्ती यांचे चरित्र शोधून वाचले.

मेझोफान्ती यांचा जन्म 1774 साली इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील सुतार होते. लहानपणी वडिलांच्या कामाच्या जागी खिडकीजवळ बसून समोरच्या घरात चाललेली लॅटिन व ग्रीकची शिकवणी ते ऐकत आणि तेवढ्यावरच धडे पाठ करीत, असे सांगतात. स्पेनने आपल्या राज्यातून हाकलून दिलेले बरेच जेझुइट धर्मगुरू त्या काळी बोलोन्यात आसऱ्याला आले होते. त्यांतील एमान्युएल आपोन्ते यांच्याकडे मेझोफान्ती ग्रीक शिकले. 1797 साली ते धर्मगुरू झाले आणि त्याच साली विद्यापीठात अरबीचे प्राध्यापकही झाले. पण नेपोलियनच्या सैन्यामागोमाग आलेल्या नव्या राजवटीच्या निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला आणि ती जागा गेली. आईवडील व बहिणीचे कुटुंब यांचा भार त्यांच्यावर होता. शिकवण्या करून त्यांनी तो ओढला.

या ओढगस्तीच्या दिवसांतच त्यांची खरी शाळा भरली. युद्धामुळे बोलोन्याची इस्पितळे परमुलखातील जखमी सैनिकांनी भरली होती. कोणी हंगेरियन, कोणी जर्मन, कोणी स्लाव. मरणाच्या दारातल्या माणसाचा पापनिवेदनाचा विधी त्याच्याच भाषेत व्हायला हवा, म्हणून हे तरुण धर्मगुरू खाटेखाटेशी बसून शब्द गोळा करू लागले. त्यांची रीत साधी होती. ख्रिस्ती माणसाला पाठ असणारी प्रार्थना आणि दहा आज्ञा ते रुग्णाकडून त्याच्या भाषेत म्हणवून घेत. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे कुठला शब्द कशासाठी आला ते लक्षात येई, आणि त्यावरून ते व्याकरण बांधीत. गावात कोणी परदेशी उतरला की खाणावळवाले त्यांना निरोप धाडीत. स्वतः मात्र ते इटलीबाहेर कधी गेले नाहीत.

पुढे त्यांना ग्रंथालयात काम मिळाले, प्राध्यापकपदही परत मिळाले. 1831 साली ते रोमला गेले, 1833 साली व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख झाले आणि 1838 साली कार्डिनल. 1849 च्या मार्चमध्ये रोममध्येच त्यांचे निधन झाले. सांत ओनोफ्रियो या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

आता हिशेबाकडे वळू. 1817 साली स्टुअर्ट रोझ या इंग्रज प्रवाशाने ते 18 भाषा बोलतात असे नोंदवले. 1820 साली खगोलशास्त्रज्ञ बॅरन फॉन झाख याने आकडा 32 वर नेला. लेडी मॉर्गन या लेखिकेने 40 सांगितला. त्यांच्या भाच्याने केलेली यादी तर बोलीभाषा धरून 114 वर गेली. एखाद्या खात्यावरची शिल्लक अशी फुगत गेली तर कोणताही ऑडिटर भुवया उंचावील.

म्हणून मी आकडे बाजूला ठेवले आणि तपासणी कोणी, कशी केली तेवढेच पाहिले. कवी बायरनने आपल्याला येणाऱ्या सर्व भाषांतल्या शिव्या त्यांच्यापुढे टाकून पाहिल्या आणि हार मानली. मजेदार परीक्षा खरी, पण शिव्या काय, आमच्या बेळगावात चार भाषांतल्या कोणालाही येतात! झाखची साक्ष अधिक वजनाची आहे. तो 1820 च्या सप्टेंबरातले सूर्यग्रहण पाहायला बोलोन्यात आला होता. त्याचा जन्म हंगेरीतला. मेझोफान्तींनी ध्यानीमनी नसताना त्याच्याशी हंगेरियनमध्ये सुरुवात केली आणि मग जर्मनच्या निरनिराळ्या बोली बोलून दाखवल्या. रोमला आल्यावर पोप सोळावे ग्रेगरी यांनी घेतलेल्या परीक्षेची हकिगत सांगितली जाते. धर्मप्रचार विद्यालयातले देशोदेशीचे विद्यार्थी व्हॅटिकनच्या बागेत लपवून ठेवले होते. ते एकदम पुढे आले आणि जो तो आपापल्या भाषेत बोलू लागला. कार्डिनलांनी ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर दिले. रोकड अचानक मोजण्याचाच हा प्रकार म्हणायचा.

तरी मनात शंका राहतेच. दूरदेशी आपली भाषा कानावर पडली की माणूस हरखतो, आणि हरखलेला माणूस कडक परीक्षक नसतो. पंधरा मिनिटांच्या गप्पा म्हणजे भाषा नव्हे. अज्जांशी माझ्याही गप्पा छानच झाल्या होत्या! शिवाय मेझोफान्तींनी स्वतः छापलेले असे जवळजवळ काहीच नाही. आपोन्ते गुरुजींवरचे 1820 सालचे गौरवपर भाषण तेवढे आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर ही शंका घेऊनच दोघे जण कामाला लागले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातले थॉमस वॉट्स यांनी 1852 साली लंडनमध्ये एक निबंध वाचून उपलब्ध साक्षी तपासल्या. नंतर आयर्लंडचे धर्मगुरू चार्ल्स विल्यम रसेल यांनी ठिकठिकाणी पत्रे पाठवली आणि ती ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यांच्या साक्षी गोळा केल्या. त्यांचे चरित्र 1858 साली निघाले. त्यात बेरीज 72 ची आहे, पण मला बेरजेपेक्षा तिची फोड महत्त्वाची वाटली. वारंवार तपासलेल्या आणि उत्तम बोलल्या गेलेल्या भाषा 30. अस्खलित बोलत असे सांगतात, पण तपासणी पुरेशी नाही अशा 9. क्वचित व कमी सफाईने बोललेल्या 11. मोडक्यातोडक्या, चार वाक्यांपुरत्या 8. नुसत्या पुस्तकांतून अभ्यासलेल्या 14.

येणी मांडताना आपण पक्की येणी आणि संशयित येणी वेगळी दाखवतो, तसेच हे झाले. आपल्याकडच्या हिंदुस्थानी व गुजराती रसेल यांनी दुसऱ्या वर्गात ठेवल्या आणि संस्कृत शेवटच्या. रसेल स्वतः कार्डिनलांना भेटलेले, त्यांचे चाहते. तरीही त्यांनी 42 भाषा पहिल्या वर्गाबाहेर ठेवल्या, आणि त्यामुळेच उरलेल्या 30 वर माझा विश्वास बसतो.

एक व्हाउचर मात्र कागदावर शिल्लक आहे. कॅलिफोर्नियातील लुइसेन्यो या आदिवासी जमातीचा पाब्लो ताक हा मुलगा 1834 साली रोमला शिकायला आला. त्याने मेझोफान्तींसाठी आपल्या भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश लिहायला घेतला. 1841 साली, वयाच्या विशीच्या आतच, तो वारला. त्याचे कागद कार्डिनलांच्या दप्तरात राहिले आणि आज बोलोन्याच्या आर्किजिन्नासिओ ग्रंथालयात आहेत. ती भाषा तिच्या स्वतःच्या माणसाने लिहून ठेवल्याचा तो पहिला पुरावा मानला जातो. त्याच दप्तरात अमेरिकन संशोधक मायकेल एरार्ड यांना निरनिराळ्या भाषांतल्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे सापडले. 2012 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात ही हकिगत आहे. ज्यांना लोक चमत्कार समजत होते, ते कार्डिनल आमच्यासारखेच चिठ्ठ्या करून घोकत होते तर! हे वाचून मला मोठा धीर आला.

पिशवीतला अर्ज मी फाडला आणि नवीन आणून भरला. कन्नडपुढे वाचणे आणि बोलणे या दोन रकान्यांतच खूण केली. मामा म्हणाले की, असे कोणी तपासत नाही. तपासत नसतील, पण मला एकदा तपासले गेले होते. आता याच अंकाच्या कन्नड विभागाचे काम पाहणारा माझा वर्गमित्र मला रोज सकाळी अर्धे पान शुद्धलेखन घालतो आणि लाल शाईने भरून परत देतो. परवा पहिल्यांदाच लाल खुणा दहाच्या खाली आल्या. पुढच्या वर्षीच्या अंकात त्या विभागात माझ्या चार ओळी आल्या, तर तो तिसरा रकाना भरायला मी मोकळा होईन. बैलहोंगलच्या अज्जांची उधारीची मुदत दिवाळीत संपते. त्या वेळची चिठ्ठी मीच लिहावी असे मनात आहे.