रोह्याचे सीडी देशमुख आणि कंपन्यांचा खरा हिशोब

चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. 1912 ला ते मॅट्रिकला पहिले आले, 1918 ला आयसीएसलाही. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री.

त्यांचं एक काम मात्र फारसं कुणाला आठवत नाही. 1956 चा कंपनी कायदा त्यांनीच संसदेत मांडला. हिशोबातून कंपनीची खरी आणि वाजवी स्थिती दिसलीच पाहिजे, अशी अट त्यात होती.

तिचं आज काय? समजा, एका कंपनीने सहा महिन्यांनी 85 रुपयांनी डॉलर घ्यायचा करार केला. करताना खर्च शून्य. पण त्याच मुदतीचा भाव 82 वर आला, तर डॉलरमागे सुमारे 3 रुपये तोटा. तो लपू नये म्हणून मोठ्या कंपन्यांना लेखामानक 109 नुसार असे डेरिव्हेटिव्ह ताळेबंदाच्या दिवशीच्या किमतीला, म्हणजेच फेअर व्हॅल्यूला दाखवावे लागतात.

मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरोधात देशमुखांनी 1956 मध्येच अर्थमंत्रिपद सोडलं. 2 ऑक्टोबर 1982 ला ते गेले. कंपनीचा हिशोब खरा आणि वाजवी आहे की नाही, हे मात्र ऑडिटरला आजही सही करून सांगावं लागतं.